मन सांभाळायचे सल्ले लागू पडत नाहीत तेव्हा

पहाटे उठा, दिवसाची यादी करा, दहा मिनिटं डोळे मिटून बसा, चार माणसांत मिसळा. मन ठीक राहावं म्हणून हे सल्ले सगळीकडे मिळतात आणि बऱ्याच जणांना ते लागूही पडतात. काही जण मात्र हेच सगळं मनापासून करून पाहतात आणि महिन्याभरात आणखी खचतात. यादी केली की तिच्याकडे बघवत नाही. डोळे मिटले की पंख्याची घरघर डोक्यात शिरते. माणसांत मिसळून आलं की पुढचे दोन दिवस कुणाशी बोलायची ताकद उरत नाही. मग मनाशी एकच गोष्ट पक्की होते: मी आळशी आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे माणसामाणसांच्या मेंदूंतलं मुळातलं वेगळेपण, हा शब्द नुकताच तुमच्या कानावर पडला असेल, स्वतःत किंवा घरातल्या कुणात त्याच्या खुणा दिसत असतील आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं म्हणणं साधं आहे. सल्ला लागू पडत नसेल तर सल्ला बदलायचा. स्वतःला दोष देत तोच पुन्हा पुन्हा करायचा नाही.

पुढे वाचण्याआधी

मरून जावं असे विचार येत असतील, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर बाकीचा लेख बाजूला ठेवा. आत्ता एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि एकटे राहू नका. ज्या वस्तूंनी किंवा औषधांनी इजा होऊ शकते त्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा किंवा आत्महत्या प्रतिबंधासाठीच्या हेल्पलाइनशी बोला. फोनवर बोलणं जमत नसेल तर जवळच्या कुणाला एवढाच मेसेज करा: "मला मरायचे विचार येत आहेत. बोलता येत नाहीये. माझ्याजवळ ये."

असा मेसेज ज्याला येईल त्याच्यासाठीही दोन गोष्टी. "आत्महत्येचा विचार येतोय का?" असं थेट विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार पेरला जात नाही, तेव्हा विचारा. आणि ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न माणूस हे अगदी शांत चेहऱ्याने, एकसुरी आवाजात सांगू शकतो. रडणं दिसलं नाही म्हणून गांभीर्य कमी समजू नका.

थोडी ओळख

लक्ष, भाषा, हालचाल, वेळेचं भान, आवाज आणि उजेड जाणवण्याची तीव्रता या सगळ्यांत माणसामाणसांत मुळातच फरक असतात, आणि असा प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नव्हे. १९९० च्या दशकात ऑटिस्टिक लोक एकमेकांशी जोडले जाऊ लागले, आपले अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडू लागले, तेव्हा हा विचार आकाराला आला. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक जूडी सिंगर यांच्या प्रबंधात आणि अमेरिकी पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखात आला.

या छत्राखाली साधारणपणे संवाद आणि संवेदनांची धाटणी वेगळी असणारा ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, लक्ष आणि चंचलपणा आवरण्याची अडचण असणारा एडीएचडी, वाचन-लेखनाची अडचण असणारा डिस्लेक्सिया, आकड्यांची अडचण असणारा डिस्कॅल्क्युलिया, हालचालींच्या समन्वयाची अडचण असणारा डिस्प्रॅक्सिया आणि अनैच्छिक हालचाली वा आवाज असणारा टुरेट सिंड्रोम हे धरले जातात. एकाच माणसात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. हे लोक विरळही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे १ ऑटिस्टिक होता. एडीएचडीचं प्रमाण मुलांत सुमारे ५ टक्के आणि मोठ्यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास धरलं जातं.

नैराश्य आणि चिंता यांचा हिशोब निराळा. मेंदूची धाटणी लहानपणापासून तीच असते. नैराश्य मधेच कधीतरी येतं आणि उपचारांनी ओसरू शकतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही, झोप, भूक, ताकद बिघडली आहे, तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायला न्यूरोडायव्हर्सिटीचा उलगडा होण्याची वाट बघायची नसते. अडचण अशी की ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. वर्षानुवर्षं आपल्या धाटणीला न मानवणाऱ्या पद्धतीने जगल्यावर चिंता आणि नैराश्य येतात, आणि मग तपासणारा फक्त तेवढंच पाहतो.

ही धाटणी म्हणजे "दैवी देणगी" आहे, असं म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. काही ऑटिस्टिक लोकांना आयुष्यभर, दिवसाचे चोवीस तास मदत लागते. एडीएचडीमुळे नोकऱ्या जातात, नाती तुटतात. वेगळेपणाचा मान ठेवायचा म्हणजे त्यातला त्रास नाकारायचा असं होत नाही.

पहिलं पाऊल: दोन आठवडे फक्त नोंद

काहीही बदलायच्या आधी दोन आठवडे नुसतं पाहा. वही, फोन, स्वतःलाच पाठवलेले आवाजी मेसेज, जे हाताशी असेल ते वापरा. सुबक डायरी लिहायला बसू नका, ती चौथ्या दिवशी बंद पडते. तुटक शब्द पुरेत. एका दिवसाची नोंद अशी असू शकते:

"सकाळ ठीक. अकराची मीटिंग. दोघं एकदम बोलत होते, वरचा दिवा फडफडत होता. बारा वाजता जबडा घट्ट. दुपारी एक साधा मेल तीनदा उघडला, तीनदा बंद केला. घरी आल्यावर 'काय झालं?' विचारलं, तर ओरडले. रात्री एकपर्यंत झोप नाही."

बाहेरून पाहणाऱ्याला यात कामचुकारपणा आणि चिडकेपणा दिसेल. नोंद सांगते की घसरण अकरा वाजता सुरू झाली आणि जबड्याने ती बाराला कळवली होती. अशा आठ-दहा नोंदी जमल्या की पॅटर्न दिसू लागतो: कुठल्या जागा, कुठले आवाज, कुठल्या प्रकारची कामं, कुणासोबतचा वेळ आणि कशानंतर खरंच बरं वाटतं. या शेवटच्या गोष्टीची नोंद लोक विसरतात. ज्या दिवशी हलकं वाटलं त्या दिवशीही लिहा. पाळी येणाऱ्यांनी तिच्या तारखाही लिहाव्यात. आधीच्या काही दिवसांत लक्ष आणि मूड दोन्ही जास्त ढासळल्याचं अनेक जणींच्या लक्षात येतं.

नोंदीत "कसं वाटतंय" या रकान्यापाशी हात थांबत असेल तर तो रकाना काढून टाका. आपल्या भावना ओळखणं आणि शब्दांत पकडणं काहींना मुळातच कठीण जातं. याला अलेक्झिथायमिया म्हणतात आणि ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये ते आढळतं. त्याला लागूनच आणखी एक गोष्ट येते: शरीराच्या आतल्या खुणा उशिरा पोचतात. भूक, तहान, लघवी, थकवा हे जाणवतं तेव्हा वेळ होऊन गेलेली असते, आणि माणूस उपाशीपोटी तीन तास चिडचिड करत राहतो. म्हणून भावनेऐवजी शरीर लिहा: जबडा, खांदे, पोट, श्वास, हाताचे तळवे. खाणं-पिणं भुकेवर न सोडता घड्याळावर टाका. इतकं साधं पाऊल आहे म्हणून ते टाळलं जातं, पण माझ्या मते सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात लवकर फरक इथेच दिसतो.

दुसरं पाऊल: आवाज, उजेड, स्पर्श

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तेव्हा ऑटिझमच्या निकषांत इंद्रियांच्या संवेदनांचा उल्लेख पहिल्यांदा सामील झाला. तोपर्यंत ऑटिस्टिक लोक हेच सांगत होते: दिव्याची भुणभुण दुखते, कॉलरचं लेबल दिवसभर टोचतं, अत्तराच्या वासाने विचार थांबतात. काहींना उलट कमी जाणवतं. त्यांना हालचाल, दाब, मोठा आवाज हवा असतो. एकाच माणसाला आवाज जास्त आणि वेदना कमी जाणवू शकते. एडीएचडी असणाऱ्यांतही हे सर्रास दिसतं.

"हळूहळू सवय होईल" हे इथे धरून चालू नका. सततच्या आवाजाची सवय काही मेंदूंना सहज लागत नाही. माणूस सहन करत राहतो आणि त्यातच दिवसभराची शक्ती संपते. नोंदीतून जे तीन त्रास सगळ्यात वर आलेत, ते घ्या आणि एकेक कमी करा. डोक्यावरचा दिवा बंद करून बाजूचा मंद दिवा लावणं, पाठ भिंतीकडे येईल अशी जागा निवडणं, कपड्यांची लेबलं कापणं, गर्दीची वेळ टाळून खरेदी करणं, इअरप्लग किंवा आवाज कमी करणारे हेडफोन वापरणं. हेडफोनबाबत एक सावधगिरी: शांत घरातही दिवसभर कान झाकून ठेवले तर कान आवाजाला आणखी हळवे होऊ शकतात. गोंगाटात वापरा, एरवी काढा.

भार फारच वाढला तर दोन गोष्टी होतात. काही जण फुटतात: रडणं, ओरडणं, हात आपटणं. काही जण बंद पडतात: शब्द सुचत नाहीत, हलता येत नाही, नजर कुठेतरी खिळते. दोन्ही मुद्दाम केलेलं नसतं. अशा वेळी प्रश्न विचारणं, समजावणं, "शांत हो" म्हणणं हा नव्याने टाकलेला भारच असतो. उजेड कमी करा, माणसं कमी करा, बोलणं थांबवा. पूर्ववत व्हायला कधी तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. त्या काळात कुठलाही निर्णय घेऊ नका आणि राजीनामाही पाठवू नका.

हात हलवणं, झुलणं, पाय नाचवणं, बोटांत काहीतरी फिरवत राहणं यांना रोखायचं कारण नाही. त्याने मन स्थिर होतं. स्वतःला इजा होत असेल, डोकं आपटणं किंवा त्वचा ओरबाडणं असेल, तरच पर्याय शोधायचा, आणि तो तसाच जोरकस असावा लागतो: उशी घट्ट दाबणं, बर्फ धरणं, भिंतीला जोर लावणं.

तिसरं पाऊल: सुरूच न होणारं काम

एडीएचडीत लक्ष कमी असतं, असा समज आहे. प्रत्यक्षात लक्ष हवं तिकडे वळवणं, वळवून टिकवणं आणि वेळेवर काढून घेणं कठीण जातं. आवडीच्या विषयात हाच माणूस सहा तास उठत नाही, आणि म्हणूनच घरचे म्हणतात, "मनावर घेतलं की जमतं की!" मनावर घेण्याशी याचा संबंध फार थोडा आहे. ठरवणं, क्रम लावणं, सुरू करणं, मधली पायरी डोक्यात धरून ठेवणं ही मेंदूची वेगळी कामं आहेत आणि तीच इथे अडतात. ऑटिस्टिक माणसाचीही ती अडू शकतात.

समजा, एक फॉर्म भरून पाठवायचा आहे. यादीत ती एक ओळ आहे: "फॉर्म पाठवणे". आत काय दडलंय ते पाहा. फॉर्म आलेला मेल शोधायचा. साइटचा पासवर्ड आठवत नाही, तो बदलायचा. ओळखपत्राचा फोटो काढायचा, त्याचा आकार कमी करायचा. एका रकान्यात काय लिहायचं ते माहीत नाही, ते विचारायला फोन करायचा. दहा दिवस काम अडलंय ते बहुधा या शेवटच्या फोनपाशी, आणि मेंदूने पूर्ण फॉर्मलाच "नको" असं लेबल लावलं आहे. अडलेली पायरी सापडली की तेवढीच सोपी करायची: फोनऐवजी मेल, किंवा तो फोन दुसऱ्या कुणाला करायला सांगणं, किंवा काय बोलायचं ते आधी लिहून काढून वाचून दाखवणं. म्हणून कामाची यादी करण्याआधी अडलेल्या एका कामाचं असं पोट उघडून पाहा.

"उद्या करीन" या संकल्पापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" हे वाक्य जास्त कामाचं असतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत, एडीएचडी असणाऱ्या मुलांतही, ते उपयोगी दिसलं. "दात घासून झाले की औषधाची गोळी" यात आठवणीचं काम दात घासण्याने उचललेलं असतं.

दुसरा उपाय फारच सोपा: शेजारी माणूस बसवा. तो मदत करत नाही, देखरेखही करत नाही, स्वतःचं काम करतो. व्हिडिओ कॉल सुरू ठेवून दोन टोकांना दोघं आपापलं काम करत बसले तरी चालतं. कित्येकांचं साठलेलं काम एवढ्यानेच हलतं.

वेळ जाणवत नसेल तर ती दिसली पाहिजे. काट्यांचं घड्याळ किंवा उरलेली वेळ रंगाने दाखवणारा टायमर नजरेसमोर ठेवा. गजराला कृतीचं नाव द्या: "बूट घाल", "गॅस बंद कर". ज्या वस्तू कपाटात गेल्या की अस्तित्वातून जातात, त्या कपाटात ठेवूच नका. पारदर्शक डबे, उघडी फळी, दारावर अडकवलेली किल्ली. आणि यातली एखादी पद्धत सहा आठवड्यांनी बंद पडली तर ती फसली असं समजू नका. नावीन्य संपलं की मेंदू तिच्याकडे पाहीनासा होतो. दुसरी घ्या, काही महिन्यांनी पहिलीकडे परत या.

एक पद्धत मात्र सोडून द्यावी, असं मला कळकळीने वाटतं: भीतीवर काम करणं. शेवटच्या रात्री घाबरून काम उरकतं हे खरं, म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं स्वतःला घाबरवत, शिव्या घालत जगतात. त्याची किंमत झोप, पोट आणि आत्मविश्वास मोजतात.

चौथं पाऊल: झोप, हालचाल, चिंता

एडीएचडी असणाऱ्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळच मागे असतं; रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. झोपायची वेळ जबरदस्तीने ओढण्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा आणि उठल्या उठल्या बाहेरच्या उजेडात जा. घड्याळ थोडं थोडं पुढे सरकतं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांत रात्री अस्वस्थ सरसर होणं असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण अपुऱ्या झोपेने लक्षाची अडचण हुबेहूब एडीएचडीसारखी दिसते.

डोळे मिटून ध्यान जमत नसेल तर सोडा. चालताना पावलं मोजणं, पोहणं, भांडी घासताना पाण्याच्या स्पर्शाकडे लक्ष देणं हेही तेच काम करतात. श्वास वापरायचाच तर बाहेर सोडण्याचा श्वास आत घेण्यापेक्षा लांब ठेवा, एवढं पुरे. व्यायाम कुठला, हे ठरवायची कसोटी एकच: तो पुन्हा करावासा वाटला पाहिजे.

चिंतेसाठी आधी माहिती मिळवा. पुढे काय होणार हे माहीत नसणं ऑटिस्टिक मनाला फार जड जातं. नव्या जागी जाण्याआधी तिचे फोटो पाहणं, किती वेळ थांबायचं ते ठरवणं, निघायचं निमित्त तयार ठेवणं याला कुणी लाड म्हणेल, म्हणू द्या. फक्त एक बघा: तयारी करून तुम्ही जाताय की तयारीच्या नावाखाली दर वेळी जाणं टाळलं जातंय. टाळणं वाढत गेलं तर चिंता कमी होत नाही, जग लहान होत जातं. तसं होत असेल तर समुपदेशकाची मदत घ्या.

पाचवं पाऊल: मुखवटा आणि माणसं

नजरेला नजर ठरवून भिडवणं, हसायची वेळ मोजणं, संभाषण आधी मनात घोकणं, हात हलू नयेत म्हणून खिशात कोंबणं. याला मास्किंग म्हणतात. त्याने नोकरी टिकते, चेष्टा टळते, कधी कधी जीवही वाचतो, म्हणून "मुखवटा काढून टाका" असा सरसकट सल्ला मी देणार नाही. पण जास्त मास्किंग करणाऱ्यांत चिंता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून दिवसातली एक जागा आणि एक माणूस असा शोधा जिथे तो काढता येईल. तिथून सुरू करा.

ऑटिस्टिक लोकांना इतरांचं मन कळत नाही, हा समज फार खोल रुजला आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये उलट प्रश्न मांडला: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, मग दोष एकाच बाजूला का? २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती जितकी टिकली, तितकीच सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती लवकर गळत गेली. आपल्यासारख्या माणसांत का हलकं वाटतं, याचा थोडा अंदाज यातून येतो. असे लोक शोधा. आवडीच्या विषयाभोवती ते सहज भेटतात.

काही मागायचं असेल तर निदान सांगायची गरज नाही. गरज सांगा, कारण सांगा, पर्याय द्या. वरिष्ठांना असं लिहिता येईल: "तोंडी सांगितलेल्या सूचनांतल्या काही माझ्याकडून निसटतात. मीटिंगनंतर ठरलेले मुद्दे मी मेलवर लिहून पाठवत जाईन, आपण फक्त बरोबर आहेत का ते बघाल का?" घरी: "बाहेरून आल्यावर मला अर्धा तास बोलायला नको असतं. रागावलेली नसते. त्यानंतर मी स्वतःहून येईन." अशी वाक्यं बरं वाटत असताना ठरवा, गळ्याशी आल्यावर ती सुचत नाहीत.

महिनोन् महिने थकवा जात नाही, पूर्वी जमणारी साधी कामं, बोलणं, स्वयंपाक जमेनासा होतो, आवाज-उजेड आधीपेक्षा असह्य होतात, तेव्हा तो ऑटिस्टिक बर्नआउट असू शकतो. तो नैराश्यासारखा दिसतो. मात्र "जास्त बाहेर पड, जास्त लोकांना भेट" हा नैराश्यातला नेहमीचा सल्ला इथे उलटू शकतो. मागण्या कमी करणं, एकांत आणि आवडीचे विषय यांनी माणूस सावरतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून हा फरक एकट्याने ठरवू नका.

सहावं पाऊल: तज्ज्ञाकडे जाणं

ऑनलाइन चाचण्या दिशा दाखवतात. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेसोबत तयार झालेली सहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे, ऑटिझमसाठी केंब्रिजमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेली ५० प्रश्नांची आहे. जास्त गुण आले म्हणजे निदान झालं असं नाही, कमी आले म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. छोट्या व्हिडिओंवरून केलेलं निदान तर त्याहून कच्चं.

निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा मोठ्यांचा अनुभव असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. भेट ठरवताना सरळ विचारा: "तुम्ही मोठ्या माणसांचं एडीएचडी किंवा ऑटिझमचं मूल्यमापन करता का?" उत्तर घुटमळतं असेल तर दुसरीकडे जा. सोबत दोन आठवड्यांच्या नोंदी न्या आणि लहानपणाचा पुरावा न्या: शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे, वह्या, आई-वडिलांच्या किंवा मोठ्या भावंडांच्या आठवणी. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून हे विचारलं जातं. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" असा शेरा दरवर्षी येत असेल तर तो उपयोगी पुरावा आहे. बोलताना गोंधळ होत असेल तर एक पान लिहून द्या.

थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी १२ यांच्या तपासण्याही करून घ्या. त्यांच्या कमी-जास्तीने थकवा, विसराळूपणा, उदासी येते आणि ती औषधांनी सुधारते.

"तुम्ही तर शिकलात, लग्न केलंत, मग एडीएचडी कसा?" असं ऐकायला मिळालं तर खचू नका. मुलींचं आणि शांत, अभ्यासात बरी असणाऱ्या मुलांचं निदान वर्षानुवर्षं हुकत आलं आहे. २०१३ पर्यंत तर निदानपुस्तिकेनुसार एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं देता येत नव्हती. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

एडीएचडीवर औषधं आहेत, मिथिलफेनिडेट त्यातलं जुनं आणि भरपूर अभ्यासलेलं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नाडी आणि रक्तदाब तपासत घ्यायची असतात. ऑटिझमच्या मूळ धाटणीवर औषध नाही. सोबतच्या चिंतेवर, नैराश्यावर, झोपेवर आहे. ऑटिझम "बरा करून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो कितीही गोड बोलो. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लेख तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी ती भीती विकणारे अजून आहेत. समुपदेशन घेताना मोघम प्रश्नांनी अडत असाल तर तसं सांगा. ठोस उदाहरणं, लेखी मुद्दे, ठरलेला क्रम असेल तर तेच समुपदेशन जास्त लागू पडतं.

निदान नकोच, असंही कुणी ठरवू शकतं. वरची पाच पावलं कुणाच्याही कागदावाचून उचलता येतात. परीक्षेत जास्त वेळ, कामावर सवलत किंवा औषध हवं असेल तर मात्र निदान लागतं.

घरातल्यांसाठी

मुलाचं किंवा जोडीदाराचं निदान झाल्यावर घरात आधी आपलं कुठे चुकलं याचा शोध सुरू होतो. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असं गेल्या शतकाच्या मध्यावर काही नामवंत डॉक्टरही सांगत होते. ते साफ चुकीचं ठरलं आहे. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तेव्हा तो शोध थांबवा आणि रोजच्या चार गोष्टी सांभाळा. बेत बदलला तर कळल्या क्षणी सांगा. एका वेळी एकच सूचना द्या, आणि उत्तरासाठी दहा सेकंद तरी थांबा. "किती वेळा सांगायचं?" याऐवजी ते कुठे लिहून ठेवायचं हे दोघांनी मिळून ठरवा. तो स्वतःच्या आवडीच्या विषयावर बोलत असताना ऐका. त्याच्या बाजूने ती जवळीक असते.

मुलाचं मूल्यमापन सुरू असताना प्रश्नावली भरता भरता एखाद्या बापाचा हात थांबतो, कारण प्रश्न मुलाबद्दलचे असतात आणि उत्तरं त्याची स्वतःची निघतात. असं झालं तर त्याच भेटीत तज्ज्ञांना सांगा. मुलाच्या निदानालाही त्या माहितीचा उपयोग होतो, आणि तुमच्यासाठी वेगळी वेळ ठरवता येते.